मोठा कुत्रा आणि भाड्याचे घर : परवानगी नेमकी कोणाची लागते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलै हा पुण्यात घरे बदलण्याचा हंगाम. अकरा महिन्यांचे करार संपतात, नोकऱ्या बदलतात, मुलांच्या शाळा-कॉलेजांमुळे मुक्काम हलतो. याच दिवसांत लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड असे मोठे कुत्रे ‘घर मिळत नाही म्हणून द्यायचे आहेत’ असे निरोप पशुवैद्यकांकडे येऊ लागतात. घर मिळणे अवघड आहे, यात शंका नाही. पण शोध चुकीच्या टोकाने सुरू होतो म्हणून तो अधिकच अवघड होतो. त्याबद्दल हे पत्र.

बहुतेक कुत्रेवाल्यांच्या मोबाइलमध्ये एक परिपत्रक जपून ठेवलेले असते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी काढलेल्या या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. लहान कुत्रा चालेल, मोठा चालणार नाही, असा भेद करता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, मुसके बांधण्याची सक्ती करता येत नाही. हे सगळे बरोबर आहे, पण ते लागू होते सोसायटीला. फ्लॅटच्या मालकाला या परिपत्रकाने बांधलेले नाही. आपली जागा कोणाला द्यायची हे मालक ठरवतो, आणि लिव्ह अँड लायसन्स हा त्याचा आणि भाडेकरूचा आपसातला करार असतो. त्यात ‘कोणताही प्राणी पाळणार नाही’ असे कलम असेल आणि खाली तुमची सही असेल, तर ते परिपत्रक मालकापुढे नाचवून काही उपयोग नाही.

म्हणून एजंट ‘सोसायटीत चालत नाही’ म्हणाला की त्याला एकच विचारावे : मालकाशी बोललात का? पुष्कळदा तो बोललेलाच नसतो. त्याला दलाली मिळायची असते ती एका महिन्याच्या भाड्याएवढी, मग मालकाकडे कुत्र्याचा विषय काढून गिऱ्हाईक कशाला घालवा, असा त्याचा हिशेब. फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सभासदाला, म्हणजे फ्लॅटच्या मालकाला, सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ लेखी कळवावे लागते. मालकाची लेखी संमती हातात असली की कमिटीशी बोलणे पुष्कळ सोपे जाते.

शोध किमान दोन महिने आधी सुरू करावा. एजंटाशी बोलताना पहिल्याच वाक्यात कुत्र्याची जात, वजन आणि वय सांगून टाकावे. ‘एक छोटा पेट आहे’ असे सांगून बत्तीस किलोचा लॅब्राडॉर दारात उभा केला, तर मालकाचा विश्वास तिथेच उडतो. नव्याने रंगवलेले, पूर्ण फर्निचर असलेले फ्लॅट पाहण्यात वेळ घालवू नये, कारण मालकाला भीती असते ती सोफ्याची आणि लाकडी कपाटांची. रिकामे किंवा सेमी-फर्निश्ड फ्लॅट, जुन्या इमारतींतले तळमजले, रो-हाउस, बंगल्याचा एखादा भाग, परदेशी राहणाऱ्या आणि टिकाऊ भाडेकरू हवा असलेल्या मालकांच्या जागा, इथे होकाराची शक्यता जास्त.

मालकाला पटवायचे तर कागद हवेत. लसीकरणाचे कार्ड (रेबीजची लस दरवर्षीची, मुदत उलटलेली नको), जंतनाशकाच्या नोंदी, नसबंदी झाली असल्यास पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, महापालिकेचा परवाना आणि आधीच्या घरमालकाचे चार ओळींचे पत्र. सोबत कुत्रा घरात एकटा शांत बसला आहे, असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. मालकाची आणि कुत्र्याची भेट आपल्या घरात ठरवू नये. आपल्या दारात कुत्रा राखणदार असतो आणि अनोळखी माणसावर भुंकतोच. पाऊण तास फिरवून आणल्यावर, बाहेर, मोकळ्या जागेत भेट घडवावी. तोच कुत्रा तिथे मालकाच्या पायाशी बसकण मारतो.

यानंतर करार, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. एजंटांच्या तयार मसुद्यात प्राणी न पाळण्याची ओळ मधेच कुठेतरी बसलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. ती काढून तिच्या जागी साधारण असे कलम घालून घ्यावे (लायसेन्सर म्हणजे घरमालक, लायसेन्सी म्हणजे भाडेकरू) : “लायसेन्सीकडे लॅब्राडॉर जातीचा, अंदाजे 32 किलो वजनाचा, लसीकरण झालेला एक कुत्रा असून तो सदर सदनिकेत राहणार आहे, हे लायसेन्सर यांना मान्य आहे. कुत्र्यामुळे दरवाजे, भिंती अथवा फरशीचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च पावतीप्रमाणे लायसेन्सी देईल.” फोनवरचे ‘हो, आणा’ हे कुरबुर झाली की कोणाला आठवत नाही. परत मिळणारे डिपॉझिट महिन्याच्या भाड्याएवढे जास्त मागितले तर द्यायला हरकत नाही. कुत्र्यासाठी दरमहा वाढीव भाडे मात्र कबूल करू नये, ते नुकसान झाले नाही तरी परत येत नाही. किल्ली हातात आली त्या दिवशी दारांच्या खालच्या कडा, चौकटी आणि बाल्कनीचे दार यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. कुत्र्याची नखे लागतात ती नेमकी तिथेच. करार वाढवताना मसुदा नवा येतो, तेव्हा आपले कलम त्यात आहे ना, हे पुन्हा पाहावे.

जागा पाहताना माणसे हवा-उजेड पाहतात. कुत्रेवाल्याने आधी लिफ्ट पाहावी आणि तिला जनरेटर आहे का, ते विचारावे. आज तीन वर्षांचा असलेला जर्मन शेफर्ड आठ-नऊ वर्षांचा झाला की खुब्याच्या सांध्याचा त्रास अनेकदा डोके वर काढतो. मग वीज गेल्यावर पाच मजले त्याला चढवता येत नाहीत आणि पस्तीस किलोचे जनावर उचलून नेणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसते. दुसरी गोष्ट फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, सांधे आणखी दुखावतात. खालून रबर असलेल्या चटया दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि झोपायच्या जागेपर्यंत सलग अंथराव्यात, पंजाची नखे आणि तळव्यांतले केस कापत राहावेत. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती पक्षी अडवण्यासाठी असते, झेपावणाऱ्या मोठ्या कुत्र्याचे वजन ती पेलत नाही. पश्चिमेकडची बाल्कनी एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखी तापते, तिथे कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवणे हा त्याचा छळ आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 मध्ये नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. आणखी एक, गेटपासून पाच मिनिटांवर मातीची मोकळी जागा असावी. ती नसेल तर पार्किंगमधल्या गाड्यांची चाके ओली होतात आणि सोसायटीतली पहिली तक्रार तिथून येते.

दुसरी तक्रार भुंकण्याची. नव्या घरात लिफ्टची घंटी, शेजारच्या दाराचा आवाज, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची, कुत्र्याला सगळेच अनोळखी असते. त्यातच मंडळी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली की तो दार ओरबाडतो आणि भुंकत राहतो. घर बदलल्यावर निदान आठवडाभर कोणीतरी घरी थांबावे. आधी पाच मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास असे एकटे राहण्याची सवय लावावी. त्याची झोपायची जागा मुख्य दारापासून लांब, आतल्या खोलीत करावी आणि जुने अंथरूण न धुता तसेच घालावे, त्या वासाने तो लवकर स्थिरावतो. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवले, तर हे दोन आठवडे तेही सोसतात.

विष्ठेबाबत कुत्रेवाल्यांना काही सूट मिळू नये, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या कुत्र्याची रोजची विष्ठा पाव किलोच्या वर सहज जाते. ती उचलून कागदाशिवाय घरच्या संडासात टाकून फ्लश करावी. सोसायटीच्या खतखड्ड्यात ती मुळीच टाकू नये, कारण तिच्यातली जंतांची अंडी खतात टिकतात आणि माळीकाका बऱ्याचदा उघड्या हातांनी काम करतात.

काही कमिट्या अजूनही 23 ‘धोकादायक’ जातींची यादी पुढे करतात. या जातींवर बंदी घालण्याबाबत केंद्राने मार्च 2024 मध्ये काढलेले परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले, आणि लॅब्राडॉर, गोल्डन किंवा जर्मन शेफर्ड त्या यादीत नव्हतेच. यादीतला रॉटवायलर पाळणाऱ्यांनी मात्र लिफ्टमध्ये आणि जिन्यात पट्टा आखूड धरावा. कुत्र्याला आवरण्यात हयगय केली आणि त्यातून कोणाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 291 कुत्र्याच्या मालकालाच लागते.

शहरातल्या एजंटांना आणि जाहिराती देणाऱ्या घरमालकांना आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती : नुसते ‘पेट फ्रेंडली’ लिहू नका. किती किलोपर्यंतचा कुत्रा चालेल, डिपॉझिट किती आणि लिफ्टला बॅकअप आहे का, एवढे जाहिरातीतच सांगा. तुमच्याही चकरा वाचतील.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे