नाकाबंदीत कमरेला परवान्याचे शस्त्र असेल तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्रीची नाकाबंदी वाढली की वाचकांची पत्रे हेल्मेट, पीयूसी आणि दंडाच्या पावत्यांवर येतात. एक विषय मात्र राहून जातो. गाडी चालवणाऱ्याच्या कमरेला परवान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आहे, हवालदाराने हात केला आहे, आणि पुढच्या दोन मिनिटांत कोणी काय बोलायचे, कोणाचा हात कुठे जायचा, हे दोघांपैकी एकालाही नेमके ठाऊक नाही. कोयते आणि गावठी कट्ट्यांच्या बातम्या वाचणाऱ्या पुण्यात शर्टाखालून डोकावणारी मूठ पाहून पोलिसाच्या मनात पहिला विचार परवान्याचा येत नाही. त्याला दोषही देता येणार नाही.

आधी कायदा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम १९ नुसार शस्त्र जवळ बाळगणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता द्यायला नकार दिला, तो खोटा वाटला किंवा माणूस पळेल असा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटकही होते. कलम २३ खाली वाहन थांबवून शस्त्रांसाठी झडती घेता येते. त्यामुळे ‘तुम्ही ट्रॅफिकचे, तुम्हाला अधिकार नाही’ हा आपला आवडता पुणेरी वाद इथे घालू नये.

पण थांबवल्याबरोबर ‘माझ्याकडे शस्त्र आहे’ असे स्वतःहून सांगण्याचे बंधन हा कायदा घालत नाही. या विषयावरचे जे व्हिडिओ लोक पाहतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे काही राज्यांत स्वतःहून सांगणे सक्तीचे आहे, काहींत विचारल्यावरच. आणि सांगितले की प्रश्न मिटला असे तिथेही नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या परवानाधारकाने, गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला आपल्याकडे शस्त्र असल्याचे नम्रपणे सांगितले. काही सेकंदांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो पिस्तुलाकडे हात नेत होता, असे पोलिसाचे म्हणणे. तो ओळखपत्र काढत होता, असे शेजारी बसलेल्या मैत्रिणीचे. बोलणे बरोबर होते, पण बोलताना हात हलत होता, आणि सगळा वाद त्या हाताचाच झाला.

म्हणून आमचे मत असे : हात कमरेच्या जवळपास जाणार असेल, गाडीतून उतरायला सांगितले असेल किंवा झडतीची भाषा निघाली असेल, तर हात हलवण्याआधी सांगावे. सिग्नल तोडल्याचा दंड भरायचा आहे आणि कागद समोरच्या खिशात आहेत, तर अलका टॉकीज चौकात वीस माणसांसमोर शस्त्राची दवंडी पिटायचे कारण नाही. शस्त्र झाकलेले असावे असे नियमच सांगतात.

सांगायचे कसे, तर गाडी डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच पूर्ण खाली करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. मग सावकाश : ‘साहेब, परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे माझ्याकडे. उजव्या कमरेला, होल्स्टरमध्ये. परवाना शर्टाच्या खिशात आहे. काढू का?’ वाक्यात ‘परवाना’ हा शब्द पहिला यावा. ‘गन’ने सुरुवात केली तर पुढचे कोणी ऐकत नाही. उत्तर मिळेपर्यंत हात तिथेच. मागे बसलेल्यांनी मोबाइल काढून मध्ये बोलू नये. दोन आवाज झाले की गोंधळ वाढतो.

बहुतेक घोटाळा जागेच्या निवडीत होतो. पाकीट पँटच्या उजव्या मागच्या खिशात आणि होल्स्टर (शस्त्राचे म्यान) उजव्या कमरेला, ही जोडी सर्वांत वाईट, कारण पाकिटाकडे जाणारा हात पाहणाऱ्याला शस्त्राकडे जाताना दिसतो. दुसरी चूक म्हणजे आरसी आणि पिस्तूल डॅशबोर्डच्या एकाच कप्प्यात. कप्पा उघडला की आधी पिस्तूलच दिसते. आपल्या गाड्यांत चालकाच्या सीटबेल्टचा खटका डाव्या कमरेशी असतो. ज्यांचे होल्स्टर डावीकडे आहे त्यांनी उतरण्यासाठी पट्टा सोडण्याआधीच बोलावे. सर्व कागद शर्टाच्या खिशात एकत्र ठेवले तर हा अर्धा प्रश्न उरतच नाही.

दुचाकीचे दुखणे वेगळे. स्कूटरच्या डिकीत पिस्तूल ठेवून फिरणारे आहेत. शस्त्र नियम २०१६ मधील नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. डिकीची किल्ली हॉटेलच्या पार्किंगवाल्याकडे दिली की ताबा कोणाचा राहिला? मोटारसायकलवर पुढे वाकले की शर्ट वर सरकतो आणि मूठ उघडी पडते. लांब कुर्ता किंवा जॅकेट आणि झडपेचे होल्स्टर हा साधा उपाय आहे. पावसाळ्यात रेनकोट शस्त्रावरून येतो. झडतीत त्याची चेन आपण उघडू नये, पोलिसालाच उघडू द्यावी.

परवान्यावरचा नंबर जुळवण्यासाठी पोलीस शस्त्र पाहायला मागतील. इथे खरा धोका आहे, आणि तो दोन्ही बाजूंना आहे. पिस्तुलाचे मॅगझिन (मुठीतला काडतुसांचा खण) काढले की ते रिकामे झाले, असे समजणारे पुष्कळ. चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार असलेले काडतूस आतच असते. उलट आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढली तर मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये चढते. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. ऑर्डनन्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडते आणि उघडताना काडतुसे एकदम वर उसळतात. अंधारात सहापैकी दोन गटाराच्या जाळीत गेली तर मोजणी जुळत नाही आणि पंचनाम्यात नवीच भानगड उभी राहते. रस्त्यात शस्त्र रिकामे करू नये, असेच आम्ही सांगू. होल्स्टरसकट पोलिसाला काढून घेऊ द्यावे किंवा चौकीत चलण्याची विनंती करावी. दाखवायच्या हौसेने स्वतः उपसून दाखवणे तर नकोच.

कागदांविषयी थोडेसेच. वाहनाचे कागद डिजिलॉकरमध्ये चालतात. शस्त्र परवान्याच्या फोटोवर ती सवलत गृहीत धरू नका, मूळ परवानाच जवळ ठेवा. त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), बोअर (नळीचे माप), शस्त्राचा नंबर, काडतुसांची मर्यादा, मुदत आणि कार्यक्षेत्र या सहा गोष्टी घरी एकदा नीट वाचा. परवाना घरी विसरणे आणि परवाना संपलेला असणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विसरला तर शस्त्र जप्त होऊन मनस्ताप होतो. संपला तर ते विनापरवाना शस्त्र ठरते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. परवान्यातील अटी मोडल्या तर कलम ३० प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल तर कोल्हापूरच्या पुढे कर्नाटकातल्या कोगनोळीला शस्त्र घेऊन पोहोचणे म्हणजे स्वतःच्या पायाने अडकणे.

शस्त्र मालकाचे आणि कमरेला ड्रायव्हरच्या, हा प्रकार मोठ्या गाड्यांत दिसतो. परवान्यावर ज्याचे नाव आहे, किंवा रिटेनर (परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा) म्हणून ज्याची नोंद आहे, त्यानेच ते बाळगायचे. नवऱ्याचे पिस्तूल बायकोच्या पर्समध्ये, हेही त्यातच आले. गणेशोत्सवासारख्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. मिरवणूक, जत्रा आणि शाळा-कॉलेजचे आवार तर परवान्याच्या अटींतच वर्ज्य आहे. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीला निघताना शस्त्र घरच्या तिजोरीत राहू द्यावे.

आता पोलिसांकडे मागणे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशा तीन हद्दी एका संध्याकाळच्या प्रवासात ओलांडल्या जातात. तिन्ही ठिकाणी एकच पद्धत असावी आणि ती एका पानावर मराठीत छापून परवाना देताना व नूतनीकरणाच्या वेळी हातात द्यावी. शस्त्र ताब्यात घेतले तर जागेवरच पंचनामा करून शस्त्राचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली प्रत द्यावी. झडती-जप्तीचे चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार आता करायचेच आहे. आणि नाकाबंदीच्या मोठ्या ठिकाणांजवळच्या चौकीत वाळूने भरलेली एक पेटी ठेवावी. शस्त्र रिकामे करताना नळीचे तोंड त्या वाळूकडे राहील, समोर उभ्या असलेल्या हवालदाराच्या पोटाकडे नाही.

आपले,
काही शस्त्र परवानाधारक वाचक, कोथरूड, पुणे