मथळ्यातून ‘तुरळक ठिकाणी’ गाळू नका

संपादक महोदय,

मृग लागला की ‘जिल्ह्यात धो धो पाऊस’ असे मथळे येतात, पाऊस हुलकावणी देतो आणि सारे खापर हवामान खात्याच्या संगणकावर फुटते. मी खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, घरी कोरडवाहू वावर आहे. हे खापर भलत्याच माथी फुटते, असे माझे ठाम मत आहे.

संगणकावरचे गणित लोकांना कसे सांगावे, हे अनीसुर रहमान यांच्याकडून शिकावे. 1927 साली हैदराबादला जन्मलेले हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ 1960 पासून शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. 1964 मध्ये त्यांनी द्रवरूप अरगॉनचे 864 अणू संगणकात मांडले. कोणता अणू कोणाला किती ओढतो, किती ढकलतो याचा हिशेब करून न्यूटनच्या नियमांनी सगळे अणू क्षणाक्षणाने पुढे सरकवले. अणू द्रवात किती झपाट्याने पसरतात, याचा त्यातून निघालेला आकडा प्रयोगातल्या आकड्यापेक्षा 15 टक्क्यांनी कमी भरला. ही तफावत त्यांनी शोधनिबंधाच्या सारांशातच लिहून टाकली. मला रहमान थोर वाटतात ते यासाठी. पुढे 1971 मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत त्यांनी पाण्याच्या रेणूंचे गणितही असेच केले. आमच्या मुलांनी त्यांचे नावही ऐकलेले नसते, याची खंत वाटते.

हवामानाचे गणित याच जातीचे. वाऱ्याचे, उष्णतेचे नियम मांडायचे आणि हवा पुढे सरकवायची. नेमका कोणत्या शिवारात पाऊस पडेल, हे त्यातून सांगता येत नाही आणि खाते तसा दावाही करत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. मथळ्यात नेमके हेच शब्द गळतात.

आमच्या शेजाऱ्याने असाच मथळा वाचून कपाशी टोबली. सरी कोसळल्या त्या नाल्यापलीकडे. इकडे माती उकरली तर सरकी जराशा ओलीवर फुगून तशीच वाळलेली. बियाणे उधारीचे होते; दुबार पेरणीसाठी पुन्हा कृषी केंद्राच्या दारात उभे राहावे लागले.

आपण अंदाजाशेजारी चौकटीत हे टक्के छापावेत. जून-जुलैत आदल्या दिवसापर्यंतचा पाऊसही तालुकावार द्यावा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. तो हिशेब लावायला शेतकऱ्याला रोज सकाळी हाच आकडा हवा असतो.

– एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ