साहेबांनी आकडा शेवटी सांगावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, रोज मुलुंडहून ऐरोलीला जाते, आणि हल्ली ज्याला विचारावं तो सांगतो की आमच्याकडे सगळं ॲजाइल आहे, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, दाखवत आणि सुधारत पुढे न्यायची पद्धत. जवळून बघितलं तर पंधरा मिनिटांची स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, तासभर चालते, एकेक जण मॅनेजरला कालचा हिशोब देतो, आणि डेडलाइन जवळ आली की पहिली कॅन्सल होते ती रेट्रो, म्हणजे काय चुकतंय ते टीमने बसून बोलायची एकमेव मीटिंग. हे बघून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी मिळून ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला, चार मूल्यं आणि मागे बारा तत्त्वं. त्यात स्टँडअपचं नावसुद्धा नाही. पण टीमने ठरावीक दिवसांनी थांबून आपलं काम कसं सुधारेल ते बघावं, हे बाराव्या तत्त्वात स्पष्ट लिहिलंय. आपण नेमकं तेच सोडतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक प्रोजेक्ट पार गाळात गेला होता. भिवंडीच्या गोडाउनमधल्या मालाची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर होतं, तारीख दिवाळीची, ती साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितली आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली, आणि मग काम मागे पडलं तशी अजून माणसं आणून बसवली. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो हे फ्रेड ब्रूक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय, आमच्याकडे तेच झालं, जुन्यांचा अर्धा दिवस नव्यांना समजावण्यात जायचा.

मग नवीन मॅनेजर आल्या. त्यांनी पहिल्या दिवशी चालू असलेलं प्रत्येक काम चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायला लावलं. माणसं नऊ आणि अर्धवट कामं एकतीस! त्या दिवसापासून नियम असा की हातातलं पूर्ण झाल्याशिवाय नवीन चिठ्ठी उचलायची नाही, आणि दर दोन आठवड्यांनी जे चालतंय ते गोडाउनच्या सुपरवायझरना प्रत्यक्ष दाखवायचं. दुसऱ्याच वेळी ते म्हणाले की यातले निम्मे रिपोर्ट आम्ही कधी उघडणारच नाही, ते काढून टाकले, आमचे कितीतरी दिवस वाचले.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती पत्त्यांची गोष्ट. प्लॅनिंग पोकर म्हणतात त्याला, प्रत्येकाकडे १, २, ३, ५, ८, १३ असे पत्ते, काम किती मोठं वाटतं तो पत्ता निवडून उलटा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे साहेबांचा आकडा ऐकून कोणी आपला बदलत नाही. जुना डेटा नवीन सिस्टिममध्ये आणायच्या कामाला आम्ही सगळ्यांनी ३ ठेवला होता आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीने १३. मॅनेजरनी तिलाच आधी बोलायला सांगितलं. तिने तो डेटा स्वतः उघडून बघितला होता, त्यात एकाच ट्रकचा नंबर कुठे स्पेस देऊन, कुठे डॅश टाकून, कुठे नुसताच लिहिलेला, सिस्टिमला त्या तीन वेगळ्या गाड्या दिसल्या असत्या. आम्हा अनुभवी लोकांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. आणि आधीच्या पद्धतीने विचारलं असतं तर ती गप्पच बसली असती, कारण समोर पंधरा-वीस वर्षांचे सिनियर.

दिवाळी हुकलीच. पण होळीच्या आधी लाइव्ह गेलो, आणि त्यानंतर रात्री-अपरात्री फोन आले नाहीत.

मुंबई-ठाण्यात रोज शेकडो टीम अशाच मीटिंगमध्ये बसत असतील. त्यांच्या मॅनेजर मंडळींना कळकळीने सांगते, पुढच्या प्लॅनिंगला तुमचा आकडा सगळ्यांच्या शेवटी सांगा, आणि कितीही घाई असली तरी रेट्रो कॅन्सल करू नका.

आपली नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई