पानाची उजवी बाजू

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. पहिल्यांदा म्हणालात, "ते राहू दे, सामानाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?" दुसऱ्यांदा "बरं बरं" करून फोनच ठेवलात. आता चार लोक वाचताहेत, त्यामुळे तुमची पळवाट बंद.

तुम्ही निवृत्त झालात त्याला पंधरा दिवस झाले. काल तुमचं कपाट माझ्या ताब्यात आलं म्हणून मी माझं जुनं कपाट रिकामं करत होतो, तर ते पान सापडलं. उभी घडी घातलेलं. खाली बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. म्हणून आजच लिहायला घेतलं. उद्यावर टाकलं असतं तर डोकं थंड झालं असतं आणि पत्र जरा शहाण्यासारखं झालं असतं. ते मला नको होतं.

मी तुमच्याकडे, मुलांच्या केंद्रात, आलो तेव्हा माझ्याजवळ मेकॅनिकलची पदवी होती, समाजकार्याची नवीकोरी पदवी होती आणि आधीच्या संस्थेतले आठ महिने होते. त्या आठ महिन्यांबद्दल मुलाखतीत मी मोघम बोललो आणि तुम्हीही खोदून विचारलं नाहीत. आज सांगतो. तिथं माझी ओळख "हे आमचे इंजिनियर" अशी करून देत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक. प्रोजेक्टर लागेना, मला हाक. देणगीदारांना पाठवायचे रंगीत आलेख तर कायमचे माझ्याच गळ्यात. मुलांच्या गटात बसू का विचारलं की एक वरिष्ठ हसून म्हणायचे, "मुलं म्हणजे मशीन नसतात हो." हे वाक्य आठ महिन्यांत अकरा वेळा ऐकलं. मोजायची सवय जात नाही. मला एकदा तरी त्यांना सांगायचं होतं की मशीनशीसुद्धा मी कधी इतकं तुसडेपणानं वागलेलो नाही. यंत्राचा आवाज बदलला तर आधी कान देऊन ऐकावं लागतं, हात ठेवून कंप कुठून येतोय ते बघावं लागतं. न ऐकता पाना लावणाऱ्याला कुठलाही बरा फिटर जवळ उभा करत नाही.

बरं, ज्यांना मशीन समजायचं नव्हतं त्या मुलांचं तिथं काय चाललं होतं? प्रत्येक कार्यक्रमाला त्यांना एकसारखे टी-शर्ट घालून फलक धरून उभं करायचे. फलकावर काय लिहिलंय हे मुलांना विचारलं तर सांगता यायचं नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची जी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यातल्या खालच्या तीन पायऱ्या सहभागात धरतच नाहीत, आणि त्यातली दुसरी आहे मुलांचा शोभेपुरता वापर. शिडीचा तक्ता तिथल्या भिंतीवर लावलेला होता. त्याचं लॅमिनेशनही मीच करून आणलं होतं.

दुसऱ्या बाजूला घरचे आणि कॉलेजचे. "कुणाची तरी जागा वाया घालवलीस" हे मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मलाच त्या अनोळखी माणसाची माफी मागावीशी वाटू लागली. थोडक्यात, इकडे मी इंजिनियर म्हणून बाजूला ठेवलेला, तिकडे इंजिनियरिंग सोडून पळालेला.

आता त्या मुलाबद्दल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, गोपनीयता तुम्हीच शिकवलीत. सोळा वर्षांचा. शाळा सुटलेली. केंद्रात यायचा, कोपऱ्यात बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. एक दिवस केंद्राची सायकल उलटी करून मी मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढत होतो. तो हळूच येऊन बसला. मी आरे आवळायची चावी त्याच्या हातात दिली. चाकाचा आऊट काढणं हे नाजूक काम आहे. रिम उजवीकडे ओढली गेली असेल तर नुसता डावीकडचा आरा आवळून भागत नाही, समोरचा थोडा सैल सोडावा लागतो, आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. घाई केली की एक वाक काढताना दुसरा तयार होतो. त्याला ते पटकन जमलं. चाक फिरवायचा, ब्रेकच्या रबराला रिम कुठे घासते ते ऐकायचा, मग चावी. तिसऱ्या फेरीला, चाकावरची नजर न काढता, तो बोलायला लागला. घरचं, मामाकडे राहायला लागल्यावरचं, शाळा का सुटली ते.

आणि मी काय केलं? लगेच उपाय काढले. शाळेत परत दाखला, नाहीतर मुक्त शाळा, नाहीतर एखादा तांत्रिक अभ्यासक्रम. तीन पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे, बोटांवर मोजून. तो "हो" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. तीन आठवडे.

तुम्हाला द्यायची नोंद मी लिहिली ती कॉलेजच्या जर्नलसारखी. उद्दिष्ट, निरीक्षण, कारणमीमांसा, निष्कर्ष. खाली दोन रेघा. आधीच्या ठिकाणी माझी अशीच एक नोंद बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली गेली होती आणि लोक पोट धरून हसले होते. त्यामुळे तुमच्या टेबलावर कागद ठेवताना मी आधीच म्हणालो, "चुकलंय, माहितीय."

तुम्ही दोनदा वाचलंत. हसला नाहीत. एक कोरं पान काढलंत, त्याची उभी घडी घातलीत आणि अंगठ्याच्या नखानं ती वरपासून खालपर्यंत दाबत नेलीत. तो आवाज अजून कानात आहे. पान उलगडून माझ्याकडे सरकवलंत. "डावीकडे जे घडलं ते, तुझ्याच पद्धतीनं. निरीक्षण छान आहे तुझं, ते सोडू नकोस. उजवीकडे त्या वेळी तुझ्या आत काय चाललं होतं ते. आत्ता लिही. मी शुक्रवारी परत देते."

बास, एवढंच. समाजकार्यात नोंदीला असे रकाने असतात हे मला माहीत होतं, अभ्यासक्रमात होतं, मार्कही मिळाले होते. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली समाजकार्याची सात तत्त्वंसुद्धा क्रमानं पाठ होती. स्वीकार, दोषारोप न करणं, समोरच्याचा स्वतःचा निर्णय घेण्याचा हक्क, सगळी. पण माझं डोकं जसं चालतं त्याला जागा ठेवून, त्याच्या शेजारी दुसरी जागा कुणीतरी करून द्यावी, हे पहिल्यांदाच घडत होतं. बाकी सगळ्यांना मी अर्धा हवा होतो. कुणाला डावा, कुणाला उजवा.

डावी बाजू मी तिथंच बसून भरली. उजवी कोरी राहिली. तुम्ही विचारलंत, "इथं काहीच नाही?" मी म्हणालो, "काही वाटलं नाही." तुम्ही मान डोलावलीत आणि पान ड्रॉवरमध्ये ठेवलंत.

शुक्रवारी पान मिळालं. लाल शाई नाही. पेन्सिल. मागून कळलं की मुद्दाम पेन्सिल, म्हणजे नको वाटलं तर मला खोडता यावं. "मी त्याला तीन पर्याय सांगितले" या ओळीसमोर लिहिलं होतं, "तेव्हा त्याचे हात काय करत होते?" आणि ताई, मला ते आठवलं. दुसऱ्या पर्यायालाच त्याचे हात थांबले होते. चावी आऱ्यावर होती, पण फिरत नव्हती. मी बघितलं होतं आणि लिहिलं नव्हतं. पानाच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या: "माझ्या पहिल्या वर्षी एका मुलीला मी असंच सगळं एका दमात सुचवून टाकलं. ती परत आली नाही. अजून आठवते." माझ्या चुकीच्या कागदावर तुम्ही स्वतःची चूक लिहून ठेवलीत. असं वागणारा वरिष्ठ मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्यानंतरही फार नाही.

तो मुलगा परत आला, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या घरी चिठ्ठी नाही, फोनाफोनी नाही, तुमच्या ओळखीच्या शेजारणीकडून तो ठीक असल्याची खात्री तेवढी तुम्ही करून घेतलीत आणि मला म्हणालात, "ते चाक आहे तसंच राहू दे." चौथ्या आठवड्यात तो दारात उभा राहून म्हणाला, "आऊट निघाला का?" मी म्हटलं, "नाही, अजून घासतंय." बसला. त्या दिवशी मी तासभरात फार तर चार वाक्यं बोललो. पुढं त्यानं काय निवडलं ते माझ्या तीन पर्यायांत नव्हतंच.

पुढची सगळी वर्षं मी लिहीत बसणार नाही. पण एक बैठक विसरता येत नाही. एका मुलीनं अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या बोलण्यावरून कॉलेज सोडलं होतं आणि सगळे म्हणत होते, "एवढ्याशावरून?" तुम्ही अचानक माझ्याकडे वळून विचारलंत, "तुमच्यात ते धातूचं थकणं म्हणतात, ते काय असतं?" मी सांगितलं. रेल्वेच्या चाकांचे आस पेलता येण्याजोग्या भाराखालीच का मोडतात, याचा छडा आउगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात लावला. भार लहान असला तरी तो पुन्हा पुन्हा येत राहिला की आत बारीक चीर पडते, वाढत जाते, आणि शेवटी एका साध्या फेऱ्यात तुकडा पडतो. खोली गप्प झाली. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत, फक्त म्हणालात, "तर मग, आधीचे फेरे कुठले होते?" आणि पुढच्या तासाभराची बैठकच बदलली. "आमचे इंजिनियर" ही ओळख त्या दिवशी मला पहिल्यांदा बोचली नाही.

तुमचं बाकीचंही सगळं असंच लहान लहान होतं. पंधरा वर्षांच्या पोरांच्या खोलीतही दारावर टकटक करून "येऊ का?" विचारणं. परत देते म्हटलेली वस्तू त्याच दिवशी देणं. कुणी पोर "कुणाला सांगणार नाही ना?" म्हणालं की गोड वचन न देता, "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, आणि ते आधी तुला विचारूनच सांगेन," असं स्पष्ट सांगणं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला आपलं मत मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला वजन दिलं पाहिजे. तुम्ही ते कलम कधी उद्धृत केल्याचं आठवत नाही. तुम्ही बैठकीची वेळ ठरवतानाही मुलांना विचारायचात, आणि ती "सहा" म्हणाली तर तुमची बस चुकली तरी सहाच. मला वाटतं, भली माणसं ओळखायची तर त्यांची भाषणं ऐकू नयेत, ती वेळ कशी पाळतात ते बघावं. आधीच्या ठिकाणी भाषणं उत्तम होत असत.

असो. भरकटलो. काल सापडलेलं पान आत्ता समोर आहे. पेन्सिल फिकट झालीय, पण वाचता येते. उजवी बाजू अजून कोरी आहे. "काही वाटलं नाही" हे मी खोटं बोललो होतो. इतक्या उशिरा भरतोय, चालवून घ्या.

उजवी बाजू: त्या सोमवारी माझ्या बॅगेत एका कारखान्याच्या डिझाइन विभागाचं नेमणूकपत्र होतं. रुजू व्हायची शेवटची तारीख शुक्रवार. मुलगा गेला, नोंद चुकली, आता हेही हसतील, मग जावं हे बरं, असं ठरवूनच मी तुमच्या खोलीत आलो होतो. खूप लाज वाटत होती. तुम्ही घडी दाबत होतात तेव्हा रडू येईल की काय याची भीती वाटली, म्हणून काही लिहिलं नाही. शुक्रवारी सकाळी स्टॉपवर दोन्हीकडच्या बस उभ्या होत्या. माझं पान तुमच्या ड्रॉवरमध्ये होतं, म्हणून मी इकडच्या बसमध्ये चढलो.

तुमचा,
इंजिनियर