एका अधिसूचनेसाठी: केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार. ४४व्या घटनादुरुस्तीचं कलम ३ लागू करणारी अधिसूचना काढा, एवढं मागायला हे पत्र लिहितोय. कशासाठी, ते सांगतो.

मी मुंबईत सात रस्त्याला राहतो. आर्थर रोड तुरुंगाची भिंत घरापासून पाच मिनिटांवर. त्या भिंतीआड प्रभाकर संझगिरी या स्थानबद्धाने ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, मराठीत. चीन युद्धाच्या वेळी आलेल्या भारत संरक्षण नियमांखाली त्यांना आत ठेवलं होतं. ना खटला, ना आरोपपत्र. पुस्तक लिहायला परवानगी सरकारनेच दिलेली. पण सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या म्हटलं, तेव्हा सरकारने सहा महिने घेतले आणि नकार कळवला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका पाहिली, हे निव्वळ शास्त्रीय लिखाण आहे म्हणाले आणि संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. तिथे तरी थांबावं! राज्य सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते ६ सप्टेंबर १९६५ रोजी फेटाळलं. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडत होतं. न्या. सुब्बा राव यांच्या निकालाचं सार एवढंच, की नियमांत जेवढे निर्बंध लिहिलेत तेवढेच स्थानबद्धावर लागू. त्याहून जास्तीचे सरकारला आपल्या मनाने घालता येत नाहीत.

चीनशी लढाई महिनाभर चालली. तिच्यासाठी पुकारलेली आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये.

त्याआधीचंही एक प्रकरण मुंबईचंच. दुसऱ्या महायुद्धात केशव तळपदे यांना भारत संरक्षण नियमांतल्या २६ क्रमांकाच्या नियमाखाली डांबलं. एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने तो नियमच बेकायदा ठरवला, कारण मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारापलीकडे तो गेला होता. इंग्रज सरकारने काय करावं? आठवड्याभरात वटहुकूम काढून भोक बुजवलं. माणसांना आत ठेवायचं असलं की सरकारी कागद असा पळतो.

आता दुसरा कागद बघा. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं, की आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धता कायद्याखालच्या बंद्याला हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का ते तपासून घ्यायला, न्यायालयात जाताच येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना. त्या अनुभवातून पोळल्यावर संसदेने ४४वी घटनादुरुस्ती केली. तिच्या कलम ३ ने, स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का ते बघणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोणाला स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली. मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायमूर्ती, बाकी सदस्य विद्यमान किंवा निवृत्त न्यायमूर्ती, तेही मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने. राष्ट्रपतींची संमती मिळाली एप्रिल १९७९ मध्ये. दुरुस्तीतली बाकीची कलमं लागू झाली. कलम ३ च्या अंमलाची तारीख मात्र कोणत्याही सरकारने आजवर जाहीर केलेली नाही. ए. के. रॉय खटल्यात हे सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं, तर १९८१ च्या डिसेंबरात बहुमताचं उत्तर आलं: तारीख ठरवणं सरकारचं काम, आम्ही तसा आदेश देऊ शकत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ही युद्धातली अपवादाची गोष्ट आहे, असं आपण म्हणाल. आमच्या चाळीतल्या एका मावशींचा मुलगा एमपीडीए या राज्याच्या स्थानबद्धता कायद्याखाली वर्षभर नाशिकला होता. तो साधुसंत होता असा माझा दावा नाही. पण एका रात्री मावशी मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत कागदांची चळत घेऊन आल्या आणि ‘स्थानबद्ध’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, “म्हणजे शिक्षा झाली का रे?”

म्हटलं, नाही, खटलाच नाही.

“मग वकील कशावर भांडणार?”

सल्लागार मंडळापुढे वकील घेऊन जाण्याचा हक्कच त्याला नाही, हे मी त्यांना त्या रात्री सांगितलं नाही. त्या मंडळावर न्यायमूर्तीच असतील याचीही हमी आजची घटना देत नाही; न्यायमूर्ती होण्यास पात्र एवढी ओळख पुरते. कलम ३ लागू झालं असतं तर निदान हे तरी बदललं असतं.

त्यासाठी नवं विधेयक नको, संसदेत चर्चा नको. दोन्ही झालेलं आहे. राजपत्रात एक तारीख हवी. ती द्यायची नसेल तर का नाही, ते तरी कळवा. उत्तर मराठीत आलं तर बरं. मावशींना वाचून दाखवायचं आहे.

आपला,
सात रस्त्याचा एक रहिवासी, मुंबई