शनिवारची नॉटिंगहॅम सहल: निघण्याआधी हे वाचा

मंडळी, येत्या शनिवारी सकाळी ११ला नॉटिंगहॅम स्टेशनच्या मुख्य दाराशी जमायचं आहे. रात्री टालबट स्ट्रीटवरच्या रॉक सिटीत गिग, म्हणजे लाइव्ह संगीताचा कार्यक्रम आहे. १९८०पासून चालू असलेली ही जागा उभं राहून ऐकायची आहे, तेव्हा पायात आरामाचे बूट हवेत.

आधी 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' हा पब. भिंतीवर ११८९ साल रंगवलंय. तारखेवर वाद आहे, पण किल्ल्याच्या खडकात कोरलेल्या खोल्या खऱ्याच आहेत. वरच्या खोलीत धुळीने माखलेलं जहाज आहे. ते पुसणाऱ्याचा मृत्यू होतो अशी आख्यायिका, म्हणून कुणी हात लावत नाही. दोरीला बांधलेली कडी भिंतीवरच्या शिंगात अडकवायचा खेळही तिथेच आहे. मुलांना नक्की दाखवा. मग कॅनालहाउस. तिथे कालवा थेट पबच्या आत शिरलाय!

• ओळखपत्र प्रत्येकाने आणा. पंचविशीच्या आतले दिसलात तर विचारतातच.
• ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. पाइंट म्हणजे ५६८ मिली. अर्धा मागायला संकोच नको.
• गाडी चालवणाऱ्यांनी एक थेंबही घ्यायचा नाही. यात सवलत नाही.
• गिगआधी पोटभर जेवून घ्या, स्वयंपाकघर लवकर बंद होऊ शकतं.
• परतीची शेवटची गाडी आदल्या दिवशी तपासा. एकट्या कुणालाही मागे सोडून निघायचं नाही.

कोण येणार ते गुरुवार रात्रीपर्यंत कळवा. न पिणाऱ्यांनी तर अवश्य या.