व्यवस्थापकांनीही उमेदवारी करावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या भांडार विभागात ३१ वर्षे काम करून मी निवृत्त झालो. व्यवस्थापनाची पदवी घेऊन नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांच्या तोऱ्याविषयी हल्ली घरोघरी तक्रारी ऐकू येतात. तो तोरा एखाद्या कारखान्याला किती महागात पडतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना आमच्या विभागावर असा एक तरुण अधिकारी आला. तो हुशार होता, हे मी मनापासून सांगतो. साठ्याचा जो गोषवारा काढायला आम्हाला आठवडा लागत असे, तो त्याने एका दुपारी काढून दिला. पहिल्याच महिन्यात त्याने सगळ्या सुट्या भागांची, ते किती वेळा लागतात यावरून, ‘फास्ट, स्लो, नॉन-मूव्हिंग’ अशी छाननी केली आणि तीन वर्षांत ज्यांची एकही इश्यू स्लिप (भांडारातून भाग दिल्याची चिठ्ठी) निघाली नव्हती, ते सर्व भाग भंगारात काढण्याची यादी तयार केली. त्या यादीत एका जुन्या पॉवर प्रेसचा गिअर होता. आमचे ज्येष्ठ स्टोअरकीपर, ज्यांना सारा कारखाना अण्णा म्हणत असे, बैठकीत म्हणाले, ‘साहेब, हा गिअर दहा वर्षांत एखाद्या वेळीच लागतो, पण लागला तर बाजारात मिळणार नाही, कारण हे प्रेस बनवणारी कंपनीच बंद झाली आहे.’ त्यावर सर्वांसमोर उत्तर आले, ‘अण्णा, तू आठवणींवर बोलतोस, मी आकड्यांवर बोलतो.’

इंग्रजीत सगळ्यांना एकाच सर्वनामाने हाक मारता येते, ही सवय व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांमध्ये लागते; पण तीच मराठीत आणली की सत्तावन्न वर्षांच्या माणसाला ‘तू’ ऐकावे लागते. अण्णा काही बोलले नाहीत. गिअर वजनावर विकला गेला. चौदा महिन्यांनी प्रेसचा जुना गिअर तुटला, मोजमापे घेऊन नवा बनवून घ्यावा लागला, आणि त्यात प्रेस सतरा दिवस बंद राहिला. याहून मोठे नुकसान कोणत्याही अहवालात आले नाही: त्या बैठकीनंतर अण्णांनी आपणहून काही सांगणे सोडून दिले होते. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे आणि सही करायची. त्यांचे पाहून फिटरही गप्प झाले. पुढच्या दोन बिघाडांची लक्षणे रात्रपाळीच्या माणसांना आधी कळली होती, असे आम्हाला मागाहून समजले.

वाईट याचे वाटते की, एखादा भाग नसल्यास काम किती अडेल यावरून ‘व्हायटल, इसेन्शिअल, डिझायरेबल’ अशी वर्गवारी करण्याची पद्धत त्या तरुणाच्याही अभ्यासक्रमात असणारच. अण्णा जे सांगत होते ते नेमके तेच होते, पण ते खाकी शर्टातल्या माणसाच्या तोंडून आल्यामुळे त्याला ओळखता आले नाही.

कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदाही त्याच वर्षीचा. त्या कायद्याखाली आयटीआय झालेला मुलगा जाणत्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करतो, आणि यंत्रावर स्वतंत्रपणे उभा राहतो तो त्यानंतर. दोनशे माणसांचे काम ज्याच्या शब्दावर चालायचे, त्याच्यासाठी मात्र अशी सक्तीची उमेदवारी नाही. नामांकित संस्थांचे शुल्क आज वीस लाखांच्या वर गेले आहे, त्यासाठी अनेक मुले कर्ज काढतात, आणि मग पहिल्या दिवसापासून आपण त्या पगाराच्या लायकीचे आहोत हे दाखवण्याची घाई त्यांना होते. म्हणून सगळा दोष मी त्या मुलांना देत नाही. त्यांना थेट खुर्चीत बसवणाऱ्या कंपन्यांचा दोष मला अधिक वाटतो.

दुसरा मार्ग आपल्याच देशात चाललेला आहे. हिंदुस्थान लिव्हर (आजची हिंदुस्थान युनिलिव्हर) या कंपनीने आपल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यात खेड्यांत राहायला पाठवले. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंद येथे उभारलेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांचे गावातील वास्तव्य हा शिक्षणाचाच भाग आहे.

सातपूर, अंबड, चाकण, रांजणगाव येथील कारखानदारांना माझी विनंती आहे की, नव्या व्यवस्थापकाचे पहिले सहा महिने रात्रपाळीसह शॉप फ्लोअरवर आणि भांडारात जावेत, आणि त्याला कायम करण्यापूर्वी फोरमन व स्टोअरकीपर यांचा लेखी शेरा घेतला जावा. व्यवस्थापन महाविद्यालयांनीही साठा-नियंत्रणाचा एखादा तास अशा जाणत्या माणसांकडे सोपवावा. आमचे अण्णा सध्या नाशिकमध्येच सिडकोत राहतात. कोणी आदराने बोलावले तर ते नक्की जातील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भांडार अधिकारी, नाशिक